काढलं, तरी जागा सुटेना

प्रश्न : उबुंटू या लिनक्स प्रणालीवर ‘सुडो ॲप्ट रिमूव्ह’ ही आज्ञा देऊन दोन सॉफ्टवेअर काढली, पण जागा फारशी सुटली नाही. असं का?
– एक वाचक, परभणी

उत्तर : ‘रिमूव्ह’ने प्रोग्रॅम जातो, त्याची सिस्टिममधली सेटिंग्ज उरतात, ‘रिमूव्ह’ऐवजी ‘पर्ज’ दिल्याने तीही जातात, पण ती किरकोळच. जागा अडते ती त्या प्रोग्रॅमला लागतात म्हणून सोबत आलेल्या पॅकेजेसनी, म्हणजे सॉफ्टवेअरच्या इतर गठ्ठ्यांनी. ‘सुडो ॲप्ट ऑटोरिमूव्ह’ द्या, मात्र ‘वाय’ दाबण्याआधी यादी वाचा. त्यात डेस्कटॉपचं नाव (उदा. ‘उबुंटू-डेस्कटॉप’) दिसलं तर सरळ ‘एन’. घाईत घात होतो तो इथंच. मग ‘सुडो ॲप्ट क्लीन’ द्या, म्हणजे उतरवून ठेवलेल्या पॅकेज फाइलीही जातात.

स्नॅप या सॉफ्टवेअर टाकण्याच्या दुसऱ्या व्यवस्थेतून टाकलेलं ॲप्टच्या हाती लागत नाही. ते ‘सुडो स्नॅप रिमूव्ह’ने काढा, तरी त्याच्या डेटाची प्रत सहसा ३१ दिवस राहते. होम फोल्डरमधल्या, टिंबाने सुरू होणाऱ्या, लपलेल्या फाइलींना ॲप्ट हात लावत नाही. फाइल मॅनेजरमध्ये कंट्रोल-एच दाबून त्या पाहा.