नागपूरच्या बेसा भागात प्लॉट घ्यायचाय. मित्र फटकळ आहे, सरळ 'घेऊ नको' म्हणतो. मामेभाऊ 'तू फक्त टोकन दे, बाकी माझ्यावर सोड' एवढंच सांगतो. कोणाचं ऐकू?

मित्राचं ऐका, निदान कागद हातात येईपर्यंत तरी टोकन देऊ नका. मी नागपुरात दस्त लिहायचं काम करतो. फसलेली माणसं येतात तेव्हा बहुतेकांचा सल्लागार तुमच्या मामेभावासारखा आतल्या गाठीचाच निघतो. भावाला चारच गोष्टी विचारा:

- सातबारा कोणाच्या नावावर आहे, एनए (बिगरशेती) झालाय का?
- लेआउट एनएमआरडीएकडून (नागपूर महानगर प्रदेश विकास प्राधिकरण) मंजूर आहे, की गुंठेवारीतला, म्हणजे मंजुरीविना तुकडे पाडून विकलेला? गुंठेवारीतला असेल तर आरएल, म्हणजे प्लॉट नियमित केल्याचं पत्र, मिळालंय का? ('अर्ज टाकलाय' म्हणजे मिळालं नव्हे. माझ्यापुढे एकाने अर्जाची पावतीच आरएल म्हणून ठेवली होती, वर लॅमिनेशन करून!)
- महारेराचा (घर-प्लॉटच्या प्रकल्पांवर देखरेख करणारं राज्याचं प्राधिकरण) नोंदणी नंबर? जमीन ५०० चौरस मीटरपेक्षा मोठी आणि प्लॉट आठांहून जास्त असतील तर नोंदणी लागतेच.
- तुला यात दलाली किती?

शेवटच्या प्रश्नावर तो चिडला तर समजा, आकडा मोठा आहे. दलाली घेणं गैर नाही, लपवणं खटकतं.

मात्र फटकळ म्हणजे जाणकार असं नाही. तुमच्या मित्रालाही 'का नको' विचाराच. त्याने सातबारा उघडून बोट ठेवलं तर ठीक. नुसतंच 'तिकडे सगळे चोर आहेत भाऊ' म्हणाला, तर सरळ वकिलाकडून सर्च रिपोर्ट (मालकीच्या जुन्या नोंदी तपासून दिलेला अहवाल) काढून घ्या.