बीआरएम पूर्ण केल्या आहेत. आता घाट असलेल्या रोड रेसची तयारी कशी करावी?

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे : वय ३५, वजन ७२ किलो, बँकेत नोकरी, आठवड्याला सरावासाठी आठ तास, २०० आणि ३०० किलोमीटरच्या बीआरएम (ठरावीक वेळेत पूर्ण करायच्या लांब पल्ल्याच्या सायकल राइड) वेळेत पूर्ण झालेल्या, आणि आता बारा आठवड्यांनी होणाऱ्या ९० किलोमीटरच्या विभागीय शर्यतीत, जिच्या वाटेत एक घाट आहे, प्रथमच उतरायचे आहे. ३०० किलोमीटर जमले, मग ९० साठी वेगळे काय करायचे, असे आपण विचारले आहे. मी पुण्यात नोकरी सांभाळून गेली नऊ वर्षे हौशी गटातून शर्यतींत उतरतो, आणि पहिल्या शर्यतीला जाताना माझ्याही मनात नेमका हाच हिशेब होता, म्हणून सविस्तर लिहितो.

बीआरएममध्ये २०० किलोमीटरला साडेतेरा तास आणि ३०० ला वीस तास मिळतात, म्हणजे थांब्यांसकट ताशी पंधरा किलोमीटरच्या आसपासचा सरासरी वेग पुरतो, आणि तो वेग कोठे वाढवायचा व कोठे उतरून चहा घ्यायचा हे आपण स्वतः ठरवता. शर्यतीत वेग इतर लोक ठरवतात. कोणी तरी अचानक जोर लावतो, घोळका त्याच्यामागे धावतो, अर्ध्या मिनिटाने सगळे सैल पडतात, वळण येते, ब्रेक लागतात, वळणानंतर पुन्हा सगळे उठून पेडल मारतात. अशा चढउतारांनी पाय रिकामे होतात, अंतराने फारसे नाही. त्यामुळे आपल्या तयारीचा गाभा घोळक्यात टिकून राहणे हा असावा, असे माझे ठाम मत आहे. पाय आणि छाती बहुतेक जण तयार करतात. दुसऱ्याच्या चाकामागे राहण्याची कला मात्र शिकायची राहून जाते.

माझ्या पहिल्या शर्यतीत दिवे घाट होता. घाट मी चढलो, चांगला चढलो, असे त्या वेळी मला वाटले. माथ्यावर, विठ्ठलाच्या त्या भव्य मूर्तीच्या आसपास, मी एक श्वास सोडला आणि पाय तीन-चार सेकंद हलके केले. वर मान केली तेव्हा पुढच्या चाकात आणि माझ्या चाकात एका सायकलीचे अंतर पडले होते. ते भरून काढायला उठलो तोवर दोन सायकली, मग पाच. सासवडकडचा तो उघडा माळ आणि समोरून येणारा वारा ज्यांनी अनुभवला आहे त्यांना पुढचे सांगायला नको. दोनशे मीटरवर घोळका दिसत राहिला, पाठीवरच्या जर्सीचे रंग ओळखता येत होते, आणि मी एकटा जीव तोडून पेडल मारूनही ते दोनशे मीटर कमी झाले नाहीत. उरलेले जवळजवळ चाळीस किलोमीटर मी एकट्याने कापले. त्या दिवशी माझ्या पायांत ताकद कमी नव्हती. ती कोणत्या तीन सेकंदांसाठी राखून ठेवायची हे मला ठाऊक नव्हते.

यामागचे कारण हवेत आहे. ताशी ३० वरून ४० किलोमीटरवर गेले की केवळ हवा कापायला लागणारी शक्ती सुमारे २.४ पट होते, कारण ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. दुसऱ्याच्या मागे नीट चिकटून राहिलात तर साधारण एक चतुर्थांश ते एक तृतीयांश कष्ट वाचतात, मोठ्या घोळक्याच्या पोटात त्याहूनही अधिक. म्हणून हौशी गटातला मध्यम ताकदीचा पण चाक न सोडणारा माणूस, एकट्याने उत्तम चालवणाऱ्या माणसाच्या पुढे संपवतो. हे मी डोळ्यांनी अनेकदा पाहिले आहे.

तेव्हा आठवड्यातील एक दिवस, शक्यतो शनिवारची पहाट, आपल्यापेक्षा थोड्या वेगवान गटाबरोबर राखून ठेवा. पहिले दोन आठवडे पुढच्या चाकापासून एक मीटर, मग हळूहळू अर्धा मीटर. नजर त्या चाकावर खिळवू नका. पुढच्या माणसाच्या खांद्यावरून पलीकडे पाहत राहा, म्हणजे खड्डा आणि गतिरोधक त्याच्याइतक्याच लवकर आपल्याला दिसतील. आपले पुढचे चाक कधीही पुढच्याच्या मागच्या चाकाच्या बाजूला घुसू देऊ नका, कारण दोन्ही घासली तर पुढचा बहुधा निसटतो आणि पडतो तो मागचा. अचानक ब्रेक मारण्याऐवजी पेडल क्षणभर थांबवून, किंवा थोडे ताठ बसून छातीवर वारा घेऊन वेग कमी करायला शिका. पुढे वारा कापण्याची पाळी आली तर वेग न वाढवता अर्धा-पाऊण मिनिट ओढा, कोपर हलवून खूण करा आणि बाजूला होऊन शेपटाकडे जा. मात्र शेपटाला पोहोचताना शेवटच्या चाकामागे बसण्यासाठी थोडा जोर आधीच लावावा लागतो. नवखे लोक सर्वाधिक तुटतात ते याच ठिकाणी, पाळी देऊन झाल्यावर.

आता घाट. मुंबई-पुणे शर्यतीत बोरघाट प्रथम चढणाऱ्याला घाटाचा राजा म्हणतात, आणि हा मान वेगळा का दिला जातो हे एका साध्या हिशेबावरून कळते. खोपोलीपासून खंडाळ्यापर्यंत सुमारे ५०० मीटर उंची चढावी लागते. आपले ७२ किलो आणि सायकल, बाटल्या, बूट मिळून १० किलो धरले, तर ही उंची तीस मिनिटांत चढण्यासाठी केवळ गुरुत्वाकर्षणाविरुद्ध सुमारे २२३ वॅट सतत द्यावे लागतात; रस्त्याचे घर्षण आणि वारा यांचे वेगळे. चढावर वेग कमी असल्यामुळे चाकामागे लपून फारसे वाचत नाही, आणि माणूस आपल्या खऱ्या ताकदीवर येतो. याच हिशेबाने एक किलो वजन कमी असेल तर अर्ध्या तासाच्या चढात साधारण २० ते २२ सेकंद वाचतात. म्हणून बारा आठवड्यांत सावकाश दोन किलो उतरले तर उत्तम, पण शेवटच्या तीन आठवड्यांत जेवण तोडून वजन उतरवू नका. त्या काळात शरीराला बळ साठवायचे असते.

घाटासाठी दोन प्रकारचा सराव लागतो. एक लांब आणि एकसारखा : पुण्याच्या बाजूला असाल तर सिंहगडाचा साधारण नऊ किलोमीटरचा चढ त्यासाठी योग्य आहे, पण शनिवार-रविवारी उजाडण्यापूर्वी जा, कारण नंतर गाड्यांची रांग लागते. ज्या जोराने चाळीस-पन्नास मिनिटे जेमतेम टिकता येईल, म्हणजे तोंडातून दोन-तीन शब्दांपलीकडे वाक्य निघणार नाही, त्या जोराने आधी दहा-दहा मिनिटांचे तीन टप्पे करा, आणि सहा आठवड्यांत ते वीस-वीस मिनिटांच्या दोन टप्प्यांपर्यंत न्या. दुसरा प्रकार तुटक असतो : बोपदेवसारख्या लहान घाटात तीस सेकंद पूर्ण जोर, तीस सेकंद हलके, असे दहा मिनिटे, पाच मिनिटे विश्रांती, आणि पुन्हा तेच. हा सराव क्लेशदायक आहे, पण शर्यतीत घोळका ज्या तऱ्हेने ताणला जातो आणि सैल होतो ती तऱ्हा पायांना येथेच कळते. पुणे नसेल तर आपल्या जवळचा कोणताही घाट चालेल. तोही नसेल तर उड्डाणपूल आणि घरातला ट्रेनर (सायकल जागेवरच चालवण्याचे यंत्र) यांवरही काम होते.

मंगळवारी तुटक सराव, गुरुवारी लांब चढ, शनिवारी गट, रविवारी तीन तास निवांत, असे धरले की आठ तास भरतात. रविवारची राइड खरोखर निवांत ठेवा, पूर्ण वाक्ये बोलता येतील इतकी. आपल्याकडे हौशी सायकलपटू सोपा दिवस अवघड करतात, कारण कोणी तरी शेजारून पुढे गेलेले सहन होत नाही, आणि मग मंगळवारी पाय उठत नाहीत. तीन आठवडे चढत्या क्रमाने काम केल्यावर चौथ्या आठवड्यात वेळ अर्ध्यावर आणा. शर्यतीपूर्वीच्या दहा दिवसांतही तास कमी करा, पण आठवड्यातून दोनदा थोडा तीव्र जोर चालू ठेवा, नाहीतर शरीर सुस्त होते.

घाटातील एक युक्ती मला एका वयस्क सायकलपटूने सांगितली आणि तिने माझ्या शर्यती बदलल्या. घाट सुरू होण्याच्या दोन किलोमीटर आधी घोळक्याच्या पहिल्या दहांत या. त्यासाठी थोडे धक्काबुक्कीचे वातावरण सोसावे लागते, पण पुढून चढायला सुरुवात केली की आपल्याला मागे सरकायला जागा मिळते : शेवटच्या वळणापर्यंत चाळीस माणसे आपल्याला ओलांडून गेली, तरी माथ्यावर आपण घोळक्याच्या शेपटाला असतो, आणि शेपूट हाही घोळकाच आहे. मागून सुरुवात केली, तर तितक्याच वेगाने चढूनही माथ्यावर आपण एकटे असतो. पुढच्या वर्षी त्याच दिवे घाटात मी सातव्या-आठव्या जागेवरून चढायला लागलो आणि माथ्यावर जवळजवळ शेवटचा होतो. पण त्या वेळी श्वास सोडला नाही. पुढच्या माणसाच्या मागच्या टायरवर एक हिरवा ठिपका होता, तो मला आजही आठवतो. माथा ओलांडल्यानंतरचा पूर्ण एक मिनिट मी त्या ठिपक्यामागे राहण्याखेरीज काहीही केले नाही. मग वेग स्थिरावला, वारा लागेनासा झाला, आणि मी बाटली काढून पाणी प्यालो.

म्हणून सरावातही चढ माथ्यावर संपवू नका. माथ्यानंतर आणखी एक मिनिट जोर चालू ठेवण्याची सवय पायांना लावा.

खाण्याबद्दल आपण विचारले नव्हते, तरी लिहितो, कारण बीआरएमची सवय येथे घात करते. शर्यतीत मिसळीचा थांबा नाही. तासाला सुमारे ६० ग्रॅम कर्बोदके पोटात जायला हवीत. मध्यम केळ्यात साधारण २५ ग्रॅम असतात, उरलेली साखर, मीठ आणि लिंबू घातलेल्या पाण्यातून मिळतात. भूक लागण्याची वाट न पाहता पहिल्या वीस मिनिटांतच सुरुवात करा, कारण घाटात तोंड फक्त श्वासासाठी मोकळे हवे. राजगिऱ्याची चिक्की किंवा बिया काढलेला खजूर मला मानवतो. आदल्या रात्री मी प्रत्येक वेष्टनाचा कोपरा कात्रीने कापून ठेवतो आणि तुकडे जर्सीच्या उजव्या खिशात भरतो. ताशी ४० च्या वेगात एका हाताने वेष्टन फाडणे स्वतःला आणि मागच्या दहा जणांना धोक्याचे असते. जे खाणार ते शनिवारच्या गटात आधी खाऊन पाहा. शर्यतीच्या दिवशी नवे काही नको.

सायकलबाबत थोडक्यात : पुढे ५० आणि ३४ दातांच्या चकत्या आणि मागे ३२ दातांपर्यंतची कॅसेट (मागच्या चाकावरचा दात्यांच्या चकत्यांचा संच) असेल तर घाटात गुडघे वाचतात. २५ मिलिमीटरच्या टायरमध्ये आपल्या वजनाला ८०-८५ पीएसआय हवेचा दाब पुरे. त्याहून टणक टायर खडबडीत डांबरावर उडतो आणि उतारावर पकड सोडतो. उतारावर ब्रेक वळणाच्या आधी लावा, बाहेरचे पेडल खाली आणि त्यावर भार ठेवा, नजर वळण जेथे सुटते तेथे. आपल्या घाटांत वळणाच्या बाहेरच्या कडेला वाळू आणि डिझेलचे डाग असतात. चढताना ते हेरून ठेवा.

सराव सुरू करण्यापूर्वी डॉक्टरांकडून ईसीजी, हिमोग्लोबिन, फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) आणि बी१२ तपासून घ्या, ही माझी कळकळीची विनंती आहे. मी शाकाहारी आहे. एका मोसमात दोन महिने पाय जड राहिले, मी सराव कमी पडतो असे समजून आणखी वाढवत गेलो, आणि अखेर रक्त तपासल्यावर फेरिटिन फार खाली गेलेले निघाले. डॉक्टरांच्या सल्ल्याने ते सुधारायला अख्खा मोसम गेला.

शर्यतीच्या दोन आठवडे आधी मार्गावर एकदा जाऊन या, शक्यतो त्याच वेळी. घाटाचा पायथा, सर्वांत तीव्र वळण, माथ्यानंतर वारा कोणत्या बाजूने येतो आणि शेवटच्या तीन किलोमीटरमधले गतिरोधक, एवढे कागदावर लिहून तो कागद हँडलच्या दांड्याला चिकटवा. शर्यतीच्या दिवशी वीस मिनिटे अंग गरम करा, त्यात तीन-चार वेळा अर्धा मिनिट जोर लावा, आणि सुरुवातीच्या रेषेवर वेळेपूर्वी जाऊन पुढच्या ओळींत उभे राहा, कारण पहिल्या पाच किलोमीटरमध्ये वेग सहसा फार असतो आणि मागे उभा राहिलेला माणूस तेथेच दमतो.