रुग्ण दगावला तरी काहीच वाटत नाही, मी निर्दयी झाले आहे का?

अतिदक्षता विभागात काम करणाऱ्या एक अनुभवी परिचारिका झोप लागत नाही ही तक्रार घेऊन माझ्याकडे समुपदेशनासाठी आल्या होत्या (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत). मनातली खरी भीती मात्र त्यांनी दुसऱ्या भेटीत बोलून दाखवली. रात्रपाळीत एक वृद्ध रुग्ण दगावले, त्यांच्या मुलाने "सिस्टर, बाबांना शेवटी फार त्रास झाला का हो?" असे विचारले, आणि यांनी फाइलमधून मानही वर न करता "डॉक्टरांना विचारा" एवढेच उत्तर दिले. "मॅडम, पूर्वी मी अशी नव्हते. मी दगड झाले आहे का?"

डॉक्टर, तंत्रज्ञ, वॉर्डबॉय अशा अनेकांच्या तोंडून मी हा प्रश्न ऐकते. त्याला लगेच "छे, तसे काही नाही" असे उत्तर देणे मी टाळते, कारण त्याने विषय मिटतो आणि त्रास तसाच राहतो. मी आधी ड्यूटीचा तक्ता विचारते. यांच्या तक्त्यात रात्रपाळीला जोडून येणारी सकाळची ड्यूटी होती, रिलीव्हर, म्हणजे पुढच्या पाळीची सिस्टर, न आल्याने लांबलेल्या पाळ्या होत्या आणि रद्द झालेल्या सुट्ट्या होत्या.

जागतिक आरोग्य संघटनेच्या 2022 पासून लागू झालेल्या आजार-वर्गीकरणात बर्नआउटची नोंद आहे, पण आजार म्हणून नव्हे, तर कामाच्या ठिकाणचा दीर्घकाळ न आवरलेला ताण यातून उद्भवणारी स्थिती म्हणून. शक्ती संपल्यासारखा थकवा, कामाविषयी मनात आलेला दुरावा किंवा कडवटपणा आणि आपल्या हातून काही नीट होत नाही ही भावना, अशी तिची तीन अंगे तेथे सांगितली आहेत. यांना भेडसावणारा कोरडेपणा दुसऱ्या अंगात मोडतो. तो स्वभावातला पालट नसून, रोजच्या माऱ्यापुढे मनाने स्वतःला मागे ओढून घेणे आहे.

तो सुरू कोठून झाला हे शोधताना मृत्यूंपेक्षा वेगळीच गोष्ट पुढे आली. व्हेंटिलेटरवरच्या रुग्णाला बेडसोअर, म्हणजे एकाच स्थितीत पडून राहिल्याने होणारी जखम, होऊ नये म्हणून ठरावीक वेळाने कूस बदलून द्यावी लागते. एकीकडे असे अनेक रुग्ण आणि दुसरीकडे हाताखाली पुरेशी माणसे नाहीत, त्यामुळे ते राहून जायचे. काय करायला हवे हे नेमके ठाऊक असूनही व्यवस्था ते करू देत नाही, या कोंडीला नीतिशास्त्राचे अभ्यासक अँड्र्यू जेम्टन यांनी 1984 मध्ये नैतिक क्लेश असे म्हटले. पाठीवरची जखम पाहून सुरुवातीला या बाई घरी जाऊन रडत असत. पुढे त्यांनी मन लावून पाहणेच सोडले.

हे नैराश्य तर नाही ना, हे तपासणे आवश्यक होते. नैराश्यात कोरडेपणा सहसा कामापुरता न राहता घर, जेवण, आवडीनिवडी सगळीकडे पसरतो. यांचे तसे नव्हते, सुट्टीच्या दिवशी त्या भाच्यांबरोबर मनापासून हसत होत्या. तसे असते, किंवा जगणे नकोसे होण्याचे विचार येत असते, तर मी त्यांना विनाविलंब मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवले असते.

माणसे तेवढीच ठेवून कर्मचाऱ्यांना मनःशांतीचे व्याख्यान ऐकवण्याची जी पद्धत आहे, तिच्यावर माझा फारसा विश्वास नाही. श्वसनाचे व्यायाम आम्ही केले, झोपेची वेळही बसवली. पण अधिक वेळ गेला तो मेट्रनना, म्हणजे परिचारिकांच्या प्रमुखांना, द्यायच्या अर्जावर. "फार ताण येतो" हे वाक्य खोडून आम्ही दोन नेमक्या मागण्या लिहिल्या: रात्रपाळीनंतर लगेच सकाळची ड्यूटी नको, आणि रुग्ण दगावल्यावर नातेवाइकांशी बोलता यावे म्हणून काही मिनिटे दुसऱ्या सिस्टरने बाकीचे रुग्ण सांभाळावेत. दुसरी मागणी लगेच मान्य झाली. पहिली रिक्त जागांचे कारण देऊन लांबणीवर टाकली गेली आहे, आणि आता त्याच विभागातील इतर सिस्टर्सच्या सह्यांसह तोच अर्ज पुन्हा देण्याची तयारी त्या करत आहेत.