सातवीचा भूगोल: आधी उतार आणि पाऊस, मग बाकीचं

ताई, तुमचा प्रश्न असा आहे की मुलगी सातवीत आहे, स्वाध्याय तोंडपाठ आहेत, नकाशे सुबक रंगवते, पण सांगलीत राहूनही 'कृष्णेला पूर का येतो' असं विचारलं की गप्प बसते. मग या वयात भूगोलातून नेमकं काय यायला हवं, आणि त्यात मार्कांचं काय? मी सातारा आणि सांगली, दोन्ही जिल्ह्यांत हा विषय शिकवलाय, त्यामुळे उत्तर जरा लांबणार आहे.

सहावी ते आठवीत मुलांना एखादी गोष्ट तिथेच का आहे, हे नकाशा समोर ठेवून सांगता आलं पाहिजे. माझ्या मते हाच या तीन वर्षांचा गाभा आहे. आणि त्यासाठी आपल्या दोन जिल्ह्यांइतकी सोयीची जागा शोधून सापडणार नाही.

नकाशावर महाबळेश्वर ते म्हसवड पट्टी ठेवायला सांगा. सरळ रेषेत अंतर सव्वाशे किलोमीटरच्या आसपास. एका टोकाला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस, दुसऱ्या टोकाला जेमतेम पाचशे. का? अरबी समुद्रावरून आलेलं बाष्प सह्याद्रीला अडून वर चढतं, वर जाताना हवा थंड होते, पाऊस घाटमाथ्यावर रिकामा होतो. पलीकडे उतरणारी हवा तापत जाते, ढग विरतात. पुस्तकात याला पर्जन्यछाया म्हणतात आणि व्याख्या दोन ओळींची आहे. व्याख्या पाठ करून थांबायचं नाही, खरं काम तिथून पुढे आहे. पाऊस बदलला की माती, पीक, जनावरं, घरं आणि माणसाची धडपडही बदलते. जावळीत भात, कराड-वाळव्याला ऊस, माण-आटपाडीला बाजरी आणि मेंढरं. तासगाव-कवठेमहांकाळला बेदाण्याची शेड उभी राहते, कारण उन्हाळ्याच्या तोंडावर तिथली हवा कोरडी असते. खानापूर-आटपाडीची माणसं गलाईच्या, म्हणजे सोनं-चांदी गाळण्याच्या धंद्यासाठी देशभर पांगली, त्यामागेही दुष्काळ आहे. आणि आता टेंभू, ताकारी, म्हैसाळ योजनांचं उचललेलं पाणी आलं तर तिथे काय बदललं, हे मुलीला तिकडच्या एखाद्या नातेवाइकाला विचारू दे. हीसुद्धा क्षेत्रभेटच.

एकदा हे पक्कं झालं की जग परकं वाटत नाही. अॅटलासमध्ये दक्षिण अमेरिका उघडा. तिथे दक्षिणेकडे वारे पश्चिमेकडून येतात, म्हणून दक्षिण चिलीत धो धो पाऊस आणि अँडीजच्या पूर्वेला पॅटागोनिया कोरडा. म्यानमारमध्ये आराकान डोंगरांच्या आड मंडालेचा भाग तसाच. मुलीला न सांगता विचारा, 'इथे कुठली बाजू ओली असेल?' वाऱ्याची दिशा शोधून तिने बरोबर बोट ठेवलं, तर भूगोल आला.

आता नकाशाचं. गावं भरणं म्हणजे नकाशा येणं नव्हे. प्रमाण, दिशा आणि समोच्चरेषा (सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषा) या तिन्ही यायलाच हव्यात. समोच्चरेषा सातवीत येतात आणि बहुतेक मुलांना त्या बोटांच्या ठशासारख्या नुसत्या नक्षी वाटतात. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या 1:50,000 च्या नकाशात शेजारच्या दोन रेषांमध्ये साधारण 20 मीटर उंचीचा फरक असतो. साताऱ्याचा अजिंक्यतारा त्यावर बघितला की रेषा गच्च जवळ आल्या म्हणजे चढ उभा आहे, हे सांगावं लागत नाही. तोच नकाशा कृष्णाकाठाने खाली आणा, रेषा लांब लांब होत जातात.

इथेच तुमच्या पुराचं उत्तर आहे. महाबळेश्वरहून वाईपर्यंत नदी सहाशे मीटरहून जास्त उतरते. कराडच्या खाली उतार अगदी कमी होतो, नदी वळणं घेते, पाणी सावकाश सरकतं. वरून वेण्णा, उरमोडी, तारळी, कोयना पाणी आणून टाकतात, सांगलीजवळ येरळा आणि हरिपूरला वारणा मिळते, खाली नरसोबाच्या वाडीला पंचगंगा फुगलेली असली की कृष्णेचं पाणी मागे तुंबतं. भर म्हणून पूरपट्ट्यात आपणच घरं बांधलीत.

पावसाळ्यात पेपरात येणारे आकडे मुलीला उलगडू द्या. कोयना धरणाची क्षमता सुमारे 105 टीएमसी. एक टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट, आणि क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट. विसर्ग एक लाख क्युसेक असेल तर चोवीस तासांत किती पाणी जातं? 86,400 ने गुणा, 8.64 टीएमसी येतं. सातवीतली मुलगी हा गुणाकार करू शकते, आणि केला की बातमीतला आकडा तिचा होतो. सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ 40 फूट ही इशारा पातळी, 45 फूट धोका पातळी. 2019 च्या ऑगस्टमध्ये पाणी 57 फुटांच्या वर गेलं होतं. मग खाली कर्नाटकात कृष्णेवर असलेल्या अलमट्टी धरणाची पूर्ण पातळी 519.60 मीटर, ही कुठून मोजली? समुद्रसपाटीपासून. आणि पुलावरचे फूट? तिथल्या मोजपट्टीच्या शून्यापासून. दोन आकडे थेट शेजारी ठेवून भांडता येत नाही, हे मोठ्यांच्याही ध्यानात येत नाही. अलमट्टीच्या फुगवट्यामुळे सांगलीला पूर येतो की नाही, या वादात मुलीला बाजू घ्यायला लावू नका. कुठला आकडा कशापासून मोजलाय, एवढं विचारायची सवय लागू दे. सूर्यवंशी प्लॉट आणि दत्तनगरात पाणी आधी का शिरतं, हेही तिला मग उंचीवरूनच सांगता येईल.

अक्षवृत्त-रेखावृत्तांसाठी घराची गच्ची पुरे. भारताची प्रमाण वेळ 82°30' पूर्व रेखावृत्तावरची, सांगली साधारण 74°30' वर. आठ अंशांचा फरक, दर अंशाला चार मिनिटं, म्हणजे 32 मिनिटं. म्हणून काठीची सावली सर्वांत आखूड सरासरी 12 वाजून 32 मिनिटांच्या सुमारास होते. वर्षभरात ही वेळ थोडी मागेपुढे सरकते. मेच्या पहिल्या पंधरवड्यात एक दिवस भरदुपारी सावली जवळजवळ नाहीशी होते, आणि त्यानंतर ऑगस्टच्या सुरुवातीपर्यंत दुपारची सावली दक्षिणेला पडते. बारावीच्या मुलांनाही मी हे सांगितलं की ती आधी मान हलवत नाहीत. उन्हाळ्याच्या सुट्टीत तिला खडूने खुणा करू दे.

पाठांतर नकोच, असं मी म्हणत नाही. खंडं, महासागर, मोठ्या पर्वतरांगा, शेजारी देश, भारतातली राज्यं, महाराष्ट्रातले जिल्हे आणि आपल्या नद्यांचे संगम डोक्यात हवेतच. नावच ठाऊक नसेल तर विचार कशाच्या आधाराने करणार? पण कुठला देश कशाच्या उत्पादनात कितवा, या याद्या आत्ता सोडून द्या. त्या दर काही वर्षांनी बदलतात आणि लागतील तेव्हा मिळतात.

मार्कांची काळजी करू नका. पेपरात 'भौगोलिक कारणे लिहा' हा प्रश्न असतोच, आणि मुलं नेमकी तिथेच अडतात. पट्टी ठेवून महाबळेश्वर ते म्हसवड एकदा स्वतः सांगितलेल्या मुलीला त्या उत्तराची वही लागत नाही. सुरुवात या रविवारी हरिपूरच्या संगमावर करा. घाटावर उभं राहून वारणा कुठल्या बाजूने आली आणि दोन्ही पाण्यांचा रंग वेगळा दिसतो का, एवढंच विचारा. रंगाचं कारण तिला वारणेवरच्या चांदोली धरणापर्यंत नकाशावर मागे मागे जाऊन शोधू दे. अडली तर इथे लिहा, मी आहे.