युद्धाचं दुःख उभं करताना

बाबू, तुझा जवानाच्या मरणाचा प्रवेश पाहिला. रक्त फार सांडलंस रे! पूर्व विदर्भातल्या आपल्या झाडीपट्टीत रात्रभर जागून नाटक पाहणाऱ्यांना माय दाखव. बातमी येते तेव्हा ती सुपात तांदूळ निवडत असते. हात थांबत नाहीत. खडा सापडतो, तोही ती परत तांदळातच टाकते. बस, तिथं पेटीवाल्यालाही थांबव.

जर्मन शिल्पकार केटे कोलविट्झचा धाकटा मुलगा १९१४ साली बेल्जियममध्ये लढाईत गेला. तिनं १९३२ साली तिथल्या दफनभूमीत ना बंदूक उभी केली, ना मुडदा. फक्त गुडघ्यांवर बसलेले आईबाप, बापानं स्वतःलाच घट्ट धरलेलं. अठरा वर्षं लागली तिला! तू घाई करू नको. उद्या तालमीला लाल रंग नको, सूप आण.