मोपाला उतरलो, पुढची गाडी कुठून?

प्रश्न : मुलगा दुपारच्या विमानाने मोपाला उतरणार आहे. पुढे रेल्वेने कणकवलीला यायचे आहे. नकाशात पेडणे स्टेशन सर्वांत जवळ दिसते. तिथूनच गाडी धरावी का? जनरलचे तिकीट आधीच काढून ठेवले तर चालेल का? – एक वाचक, कणकवली

उत्तर : आधी विमानाचे तिकीट पाहा. नुसते ‘गोवा’ वाचून भागत नाही. गोव्यात विमानतळ दोन आहेत: तिकिटावरचा कोड जीओएक्स म्हणजे मोपा, जीओआय म्हणजे दाबोळी, आणि दोन्हींत सुमारे साठ किलोमीटरचा रस्ता आहे.

मोपाला विमानतळाला लागून रेल्वे नाही. पेडणे जवळ खरे, पण तिथे मोजक्याच गाड्या थांबतात आणि एक चुकली की पुढचीसाठी ताटकळावे लागते. दक्षिणेकडे जायचे तर थिवी बरे. मुंबईच्या दिशेला, म्हणजे कुडाळ, कणकवली, रत्नागिरीकडे जाणाऱ्याने थोडे जास्त भाडे मोजून सरळ सावंतवाडी रोड गाठावे, असे आमचे मत आहे. कारण साधे आहे: दादरला जाणारी तुतारी एक्स्प्रेस संध्याकाळी तिथूनच सुटते. गाडी फलाटावर आधीच उभी असते, सामान निवांत चढवता येते, जनरलमध्येही बसायला जागा मिळते. पेडण्याला तेच काम दोन मिनिटांत उरकायचे असते, आणि जनरलचे डबे बहुतेक गाड्यांना अगदी पुढे नाहीतर अगदी मागे असतात.

हे स्टेशन सावंतवाडी शहरात नाही, मळगावला आहे. टॅक्सी ठरवताना ‘सावंतवाडी’ एवढेच सांगितले तर मोती तलावापाशी उतराल. टॅक्सी विमानतळावरच्या काउंटरवरूनच घ्यावी आणि राज्याची हद्द ओलांडायची आहे हे तिथेच सांगावे, म्हणजे हद्दीवर बांद्याला जादा पैशांवरून वाद होत नाही. खर्च वाचवायचा तर गोवा सरकारच्या कदंब बसने म्हापसा आणि तिथून सावंतवाडीची बस. वेळ मात्र दुप्पट धरा.

आता तिकीट. १९९ किलोमीटरपर्यंतच्या जनरल तिकिटावर प्रवास तीन तासांत सुरू व्हावा लागतो, किंवा त्या बाजूची पहिली गाडी सुटेपर्यंत. यांतले जे उशिरा असेल ते. सावंतवाडी ते कणकवली या मर्यादेत येते, त्यामुळे घरून निघताना सकाळी काढलेले तिकीट संध्याकाळी कामाचे नाही. मोबाईलवर रेल्वेच्या ॲपने काढलेले पेपरलेस तिकीट रद्दही करता येत नाही. विमान लेट झाले की पैसे गेले. बॅगा हातात आल्या, टॅक्सी स्टेशनच्या रस्त्याला लागली, की मग काढावे. पण स्टेशनच्या आवारात शिरण्याआधी, कारण आत गेल्यावर ॲप ते तिकीट देत नाही. मग खिडकी आहेच.

खिडकीवर गाडीचे नाव घ्यायला विसरू नका. तुतारी (११००४) साधी एक्स्प्रेस आहे. संध्याकाळचीच कोकणकन्या (२०११२) सुपरफास्ट आहे, तिला जनरललाही १५ रुपये अधिभार पडतो. तुतारीचे तिकीट घेऊन कोकणकन्येत चढलेला माणूस टीसीच्या हिशेबी चुकीच्या तिकिटावर असतो. सकाळी सुटणारी दिवा गाडी (१०१०६) सगळ्यांच्या तोंडी ‘पॅसेंजर’ आहे, पण क्रमांक एक्स्प्रेसचा आहे. खऱ्या पॅसेंजरचा क्रमांक पाचने सुरू होतो. जनशताब्दी, तेजस, वंदे भारत यांना जनरल डबाच नाही.

विमान उतरण्याची वेळ आणि गाडीची वेळ यांत निदान तीन तास ठेवा.

प्रश्न : पावसाळ्यात हाच प्रवास जमेल का? – एक वाचक, वैभववाडी

उत्तर : जमेल, पण जुने वेळापत्रक डोक्यातून काढा. पावसाळी वेळापत्रक पूर्वी १० जून ते ३१ ऑक्टोबर असे, २०२५ साली ते १५ जून ते २० ऑक्टोबर झाले. या काळात गाड्यांच्या वेळा बदलतात, वेग कमी ठेवतात, आणि धो धो पावसात समोरचे दिसेनासे झाले की ताशी ४० किलोमीटरवर चालवतात. रोहा–वीर सोडले तर कोकण रेल्वेचा मार्ग एकेरी आहे. एक गाडी रखडली की समोरून येणाऱ्या क्रॉसिंगला पडून राहतात, आणि त्यात पहिला बळी पॅसेंजरचा.

मोपावाल्यांनी मडुरे–पेडणे टापूवर विशेष लक्ष ठेवावे. पेडण्याच्या बोगद्यात ऑगस्ट २०२० मध्ये भिंत ढासळली, जुलै २०२४ मध्ये पाणी आणि चिखल आला. दोन्ही वेळा वाहतूक बंद पडली. सावंतवाडी रोड या बोगद्याच्या उत्तरेला आहे, म्हणून तिथे सुरू होणारी गाडी अशा दिवशीही सुटण्याची शक्यता जास्त. मडगावहून येणारी मात्र पलीकडेच अडकते. गाडी कुठवर आली हे निघण्याआधी रेल्वेच्या १३९ या फोन क्रमांकावर विचारा.

प्रश्न : चिपी विमानतळासाठी सिंधुदुर्ग स्टेशनचे आरक्षण केले आहे. बरोबर ना? – एक वाचक, दादर

उत्तर : नावाने फसलात. विमानतळ परुळ्याजवळ, सिंधुदुर्ग स्टेशन ओरोसला आणि किल्ला मालवणच्या समुद्रात. कुडाळ घ्या, तिथे जास्त गाड्या थांबतात, विमानतळ सुमारे पंचवीस किलोमीटर. रिक्षा परतीची बोलूनच ठेवा, चिपीच्या माळावर ऐनवेळी वाहन मिळत नाही.