नोकरी सोडून पूर्णवेळ कथा लिहाव्यात का? तरुण कथालेखकाचं रोजचं आयुष्य कसं असतं?

तुम्ही लिहिलंय की वय २३ आहे, तीन कथा लिहून झाल्यात, ऑफिसात जीव रमत नाही, तर नोकरी सोडून वर्षभर फक्त लिहावं का, आणि जे लिहितात त्यांचा दिवस जातो तरी कसा. नोकरी कसली, ते मात्र लिहिलेलं नाही. मला वाटतं तेच आधी सांगायला हवं होतं. असो. मी माझं सांगतो.

वय ३१. सोलापुरात एका कर सल्लागारांकडे नोकरीला आहे. लोकांची जीएसटीची आणि आयकराची विवरणपत्रं भरतो. एक कथासंग्रह आहे, दिवाळी अंकांत मिळून चौदा कथा छापून आल्यात. त्यातल्या चार आज मलाच वाचवत नाहीत.

नोकरी मी सोडून पाहिलेली आहे. २०१९च्या जानेवारीत सत्तर हजार रुपये गाठीला बांधून सकाळच्या हुतात्मा एक्स्प्रेसनं पुणं गाठलं. सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर जागा घेतली. खोलीत सहा जण, लिहायला टेबल नाही, म्हणून महिन्याचे पैसे भरून एक अभ्यासिका लावली. चाळीस खुर्च्या, चाळीस दिवे, आणि माझ्याशिवाय झाडून सगळे राज्यसेवेचे नाहीतर पीएसआयचे. चहाच्या टपरीवर एकच प्रश्न असायचा, ‘कितवा अटेम्प्ट?’ मी म्हणायचो, ‘पहिलाच.’ खोटं नव्हतं.

सात महिन्यांत चाळीस हजार शब्द लिहिले. कादंबरीचा नायक कोण, तर पुण्यात खोली घेऊन कादंबरी लिहिणारा एक मुलगा. तो पहाटे टेकडीवर जायचा, संध्याकाळी पुलावर उभा राहायचा, मध्ये त्याला खूप काही वाटायचं. शेजारच्या कॉटवर बीडकडचा एक जण होता, पीएसआयची तयारी करणारा. त्यानं हौसेनं वीस पानं वाचून घेतली. म्हणाला, ‘चांगलंय. पण ह्याला घरून पैसे कोण पाठवतं?’

मला उत्तर देता आलं नाही. लिहिलंच नव्हतं ते. माझा नायक काय खातो, खोलीचं भाडं कुठून देतो, त्याचा बाप काय करतो, यातलं चाळीस हजार शब्दांत काहीही नव्हतं. आणि ज्यानं हे विचारलं त्याच्या घरी त्या वर्षी दोन शेळ्या विकून मेसचे पैसे आले होते. हे मला माहीत होतं, कारण तो झोपताना फोनवर बोलायचा आणि मी ऐकायचो. कादंबरी डोक्याशी घेऊन झोपत होतो, आणि कथा दोन हातांवर कुशीवर वळून पडलेली. ऑगस्टमध्ये परत आलो.

आता दिनक्रम. माझ्याबाबतीत दिवसापेक्षा महिना सांगणं बरं. ११ तारखेला जीएसटीआर-१, २० तारखेला ३बी, म्हणजे जीएसटीच्या दर महिन्याच्या विवरणपत्रांच्या मुदती. एक ते वीस मी लेखक नसतो. एकवीसपासून महिनाअखेरपर्यंत जे होईल ते आपलं. वर्षाचंही तसंच. १९०९ साली का. र. मित्रांनी ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला, तेव्हापासून मराठी कथेचं वर्ष दिवाळीभोवती फिरतंय. वाचकाची दिवाळी ऑक्टोबर-नोव्हेंबरात असते, लेखकाची जुलैत. मे-जूनमध्ये संपादकांचे निरोप येतात: कथा हवी, तीन हजार शब्दांच्या आत, ३१ जुलैपर्यंत. आणि पगारदारांच्या आयकर विवरणपत्राची मुदतही ३१ जुलैच! त्या आठवड्यात ऑफिसात फॉर्म १६चे गठ्ठे असतात, खिशात अर्धी कथा असते आणि दोन्हीकडून फोन येत असतात. २०२५ साली सरकारनं मुदत वाढवून १५ सप्टेंबर केली. मला आयुष्यात पहिल्यांदा जुलै मोकळा मिळाला. त्या जुलैत मी एक ओळ लिहिली नाही.

रोज पहाटे पाचला उठून लिहिणाऱ्या लेखकांच्या मुलाखती मीही वाचल्यात. मला पहाटे उठवतो तो नळ. आमच्याकडे चार-पाच दिवसांनी पाणी येतं, कधी रात्री दोनला, कधी पहाटे चारला. मोटर लावून टाकी भरेपर्यंत दीड-दोन तास जागं राहावं लागतं, टाकी वाहिली की आई बोलते. त्यामुळे स्वयंपाकघरात, मोटरच्या बटणाखाली फरशीवर बसून, ऑफिसातल्या जुन्या लेजरच्या कोऱ्या पानांवर मी लिहितो. चौदातल्या नऊ कथा अशा झाल्यात. लेजरच्या उजव्या कडेला रकमेचा रकाना असतो, त्यात दुरुस्त्या बसतात. (ज्या कथेत तो रकाना रिकामा राहिला ती कथा हमखास वाईट निघते, हा आपला माझा अनुभव.) मग रविवारी ते सगळं मोबाइलवर बोलून टाइप करायचं, आणि मशीननं ऐकलेलं मराठी दुरुस्त करत बसायचं.

फाइल पाठवली म्हणजे सुटलो असंही नाही. आपण युनिकोडमध्ये पाठवतो, काही ठिकाणी अजून जुन्या फॉन्टमध्ये पानं लागतात, आणि त्या बदलाबदलीत रफार उडतात, ‘दऱ्या’ फुटतात. ते तरी यंत्राचं काम. माझ्या एका कथेत यंत्रमागावरचा पोरगा म्हणतो, ‘आता नाही बे, काम करूलालो.’ छापून आलं, ‘आता नाही रे, काम करत आहे.’ मुद्रितशोधकानं मोठ्या मायेनं माझ्या पोराला शुद्ध करून ठेवलं होतं. तेव्हापासून कथेबरोबर वेगळी चिठ्ठी जोडतो: संवादांना हात लावू नये. निम्मे लोक ऐकतात.

नकाराचं म्हणाल तर पूर्वी ‘साभार परत’ यायचं म्हणे, आपणच तिकीट लावून दिलेल्या पाकिटातून. आता तेवढंही येत नाही. अंकाची अनुक्रमणिका फेसबुकवर पडते आणि तिच्यात आपण आपलं नाव शोधायचं. नसलं तर नकार. मी हे ऑफिसच्या वेळेत करतो.

पैशांचं तुम्ही विचारलं नाहीत, पण माझा धंदाच तो. पहिल्या कथेचं मानधन ५०० रुपये, दुसरीचं नुसता अंक, आजवर जास्तीत जास्त मिळाले ३,०००. संग्रहाची आवृत्ती ५०० प्रतींची, किंमत २५०, रॉयल्टी १० टक्के. म्हणजे सगळ्या प्रती खपल्या तरी १२,५००. पहिल्या वर्षी १८० गेल्या, माझ्या हातात ४,५०० आले. त्याआधी एका प्रकाशकानं २०० प्रती मीच विकत घ्याव्यात अशी अट घातली होती. नाही म्हणायला मला दोन दिवस लागले, त्याची अजून लाज वाटते. गंमत म्हणजे पुस्तकांच्या रॉयल्टीवर वर्षाला तीन लाखांपर्यंत वजावट देणारं एक कलम आयकरात आहे. ते मला पाठ आहे. नव्या करप्रणालीत ती वजावट मिळत नाही, त्यामुळे ४,५०० वरही नाही. साहित्य अकादमीचा युवा पुरस्कार ५० हजारांचा असतो, पस्तिशीच्या आतल्यांना. माझ्या वर्षांचा हिशेब आई ठेवते. एरवी तीच पाहुण्यांना सांगते, ‘रात्रीचं पण ऑफिसचंच काम घेऊन बसतो.’

म्हणजे पोट भरत नाही म्हणून नोकरी धरून ठेवा, असं मी सांगतोय का? तेवढंच असतं तर दोन ओळींत सांगितलं असतं. आमच्याकडे एक मालक येतात. सोलापुरात मालक म्हणजे मान देऊन हाक मारणं, पण हे खरोखरचे मालक होते. पूर्व भागात टॉवेलचा कारखाना, वडिलांनी काढलेला. माग भंगारात जाऊन बरीच वर्षं झाली. जागाही विकली. तरी दर महिन्याला पंधरा-सोळा तारखेला कापडी पिशवी घेऊन येतात आणि कारखान्याच्या नावानं विवरणपत्र भरून घेतात. विक्री शून्य, खरेदी शून्य. आमच्या भाषेत निरंक. निरंक विवरणपत्र घरबसल्या एसएमएसनंही भरता येतं, तीन महिन्यांतून एकदा भरायची सोयही आहे. दोन्ही त्यांनी नाकारलं. सगळं बंदच आहे तर नोंदणी रद्द करू, असं मी नवा असताना एकदा उत्साहानं सुचवलं. बराच वेळ पिशवीचे बंद आवळत बसले. मग म्हणाले, ‘नंबर जाईल ना, बाळा. नंबरापुढं बापाचं नाव येतंय.’

पुण्यात टेकडीवर फिरून मला असलं एक वाक्य सापडलं नव्हतं. त्या दिवशी संध्याकाळी लेजरमध्ये ते वाक्य लिहून ठेवलं आणि दोन वर्षं काही केलं नाही. शून्य रुपयांची विक्री जाहीर करायला दर महिन्याला माणूस इस्त्रीचा सदरा घालून येतो, एवढं दिसत होतं, पण सदरा कोण इस्त्री करतं ते माहीत नव्हतं. बीडकडच्या त्या मुलाचा प्रश्न आता मी स्वतःला विचारतो. कथेतल्या प्रत्येक माणसाचा पैसा कुठून येतो आणि कुठं जातो, हे कळल्याशिवाय पहिली ओळ लिहीत नाही. पुढे एकदा बोलता बोलता कळलं की सदरा सून इस्त्री करते, आणि सासरे ऑफिसला जातात असंच ती शेजारी सांगते. मग दोन पाण्यांत कथा झाली.

छापण्याआधी नाव, धंदा, मोहल्ला, सगळं बदललं. टॉवेलचा कारखाना काढून छत्र्यांचं दुकान केलं. आमच्या कामात लोकांचे आकडे म्हणजे त्यांची अब्रू, तिथं कथेची सवलत चालत नाही. तरीही अंक आला तेव्हा चोरासारखं वाटत होतं. शेवटी मीच तो कागदात गुंडाळून त्यांच्या पिशवीत ठेवला आणि म्हटलं, ‘मालक, सवडीनं वाचा.’

पुढच्या महिन्यात सोळा तारखेला आले. विवरणपत्र भरून झालं, फी दिली, चहा झाला. उठताना म्हणाले, ‘छत्र्यांचं दुकान कशाला केलास बे? सोलापुरात छत्री कोण घेतंय?’

मी काही बोललो नाही. ते दारापर्यंत जाऊन परत फिरले. ‘आणि तो म्हातारा चहात दोन चमचे साखर घेतो लिहिलायस. मला शुगर आहे.’